घरच्या राउटरचं वाय-फाय सेटिंग: काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही

गेल्या वर्षी एका ऑनलाइन मुलाखतीत ऐन प्रश्नोत्तरांच्या वेळी माझा आवाज तुटायला लागला. ती नोकरी गेली. नंतर लॅपटॉप राउटरला केबलने जोडून पाहिला, तर स्पीड पूर्ण १०० एमबीपीएस! म्हणजे नेट ठणठणीत होतं, गोंधळ वाय-फायचा होता. कनेक्शन जोडायला आलेला माणूस वर्षभरापूर्वी जे सेट करून गेला, ते मी सॉफ्टवेअरवाला असूनही कधी उघडून पाहिलं नव्हतं.

सेटिंग मोबाइलवरूनच बदलता येतं. फोन घरच्या वाय-फायला जोडा, मोबाइल डेटा बंद करा आणि ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. नाहीतर राउटर उलटा करून खालचं स्टिकर वाचा. लॉगिनचं नाव आणि पासवर्डही सहसा तिथेच सापडतो.

आता मुख्य मुद्दा. राउटर बहुधा दोन बँडवर चालतो. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे बऱ्यापैकी पोचतो, पण त्यावर गर्दी फार: शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, अगदी मायक्रोवेव्हसुद्धा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंती मध्ये आल्या की दम तोडतो. माझ्या राउटरवर दोन्हींना एकच नाव होतं आणि लॅपटॉप दरवेळी २.४ पकडून बसायचा. मी दोघांना वेगळी नावं दिली आणि लॅपटॉप ५ वर जोडला. निम्मं दुखणं तिथेच गेलं.

उरलेलं चॅनलमुळे होतं. २.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच धरा: १, ६ आणि ११. वाय-फाय अ‍ॅनालायझरसारखं अ‍ॅप लावून आजूबाजूला कुठल्या चॅनलवर कमी गर्दी आहे ते बघा आणि तो निवडा. आमच्या बिल्डिंगमध्ये जवळपास सगळे ६ वर होते, मी ११ वर गेलो. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० केली तर वेग वाढेल असं वाटतं, पण फ्लॅटमध्ये उलट त्रासच होतो.

सिक्युरिटीत डब्ल्यूपीए३ असेल तर ते, नाहीतर डब्ल्यूपीए२-एईएस. डब्ल्यूपीएस बंदच करा. त्याच्या आठ आकडी पिनमधली त्रुटी २०११ मध्येच उघड झाली आहे, जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत ती पिन सापडू शकते. वाय-फायचा पासवर्ड म्हणून मोबाइल नंबर नको (माझा तोच होता, आणि तो अख्ख्या सोसायटीच्या ग्रुपवर आहे!). राउटरच्या लॉगिनचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला. तो ‘अ‍ॅडमिन’च राहिला तर तुमच्या वाय-फायवर आलेला कोणीही डीएनएस बदलून तुम्हाला बनावट साइटवर नेऊ शकतो.

सेव्ह केल्यावर वाय-फाय तुटेल, घाबरू नका. नाव किंवा पासवर्ड बदलला असेल तर टीव्हीपासून सगळी उपकरणं पुन्हा जोडावी लागतील. ‘वॅन’ किंवा ‘पीपीपीओई’ लिहिलेल्या पानाला मात्र हात लावू नका, आधी त्याचा फोटो काढून ठेवा. मागचं रिसेटचं बारीक बटण दाबलं तर तिथलं युजरनेमही पुसलं जातं, आणि मग कंपनीच्या माणसाची वाट बघत बसावं लागतं.