अप-डाऊनची कुळकथा

वर्तकनगराहून ठाणे स्टेशन गाठायला टीएमटी नाहीतर रिक्षा लागते. रूळ इथून दिसतही नाहीत. तरी नोकरीसाठी रोज पुण्याला किंवा नाशिकला जाऊन रात्री घरी परतणारा इथला माणूस ‘अप-डाऊन करतो’ असंच सांगतो, आणि त्यातली दमछाक ऐकणाऱ्याला वेगळी समजावून द्यावी लागत नाही. ही जोडी घाटाच्या चढउतारावरून आली असावी असं वाटतं खरं, पण रेल्वेच्या अप-डाऊनचा उंचीशी संबंध नाही. इंग्लंडात लंडनकडे जाणारी गाडी अप, लंडनहून निघणारी डाऊन. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, त्या लोहमार्गावर लंडनची जागा मुंबईने घेतली. पुरावा रोज धावतो आहे. सकाळी पुण्याहून निघणारी डेक्कन क्वीन बोरघाट उतरते, तरी ती अप. संध्याकाळी तीच ३७ला १ असा चढ चढते, तरी डाऊन.

मात्र रेल्वेच्या लेखी कोणतीही गाडी एका वेळी अप तरी असते किंवा डाऊन तरी. दोन्ही एकदम असतो तो माणूस. ‘करणे’ हे क्रियापद लावून दोन दिशांचं एक काम झालं, आणि माझ्या मते शब्दाचा खरा जन्म तिथे आहे. इंग्रजांनी फक्त सुटे भाग पुरवले. ‘ये-जा’ असताना ही उसनवारी कशाला, असा आक्षेप येईल. पण ये-जा पाहुण्यांचीही असते. अप-डाऊनमध्ये त्याच दिवशी परतणं गृहीत आहे, आणि रोजचं असेल तर बिऱ्हाड न हलवण्याचा निर्णयही. म्हणूनच मुख्यालयी न राहणाऱ्या शिक्षकांबद्दल आणि तलाठ्यांबद्दल गावकरी हाच शब्द तक्रारीच्या सुरात वापरतात. तिथे प्रवास बहुधा एसटीचा किंवा मोटारसायकलचा, रुळाचा पत्ता नाही. भाड्याची गाडी ठरवतानाही आपण ‘अप-डाऊनचे किती?’ म्हणतो आणि त्यात कष्ट कुठेच नसतात, हे मान्य. म्हणजे कष्ट शब्दाच्या पोटात नाहीत, ते रोजच्या आवर्तनाने त्याला चिकटले. एकदाच केलेलं अप-डाऊन कोणी दुखणं म्हणून सांगत नाही.

लोकलच्या गर्दीत या जोडीला आणखी एक फाटा फुटला. डोंबिवलीहून सुटणारी लोकल आधी मुंबईकडूनच येते. दिवा-कोपरचे काही प्रवासी ती येतानाच पकडतात, उलटे डोंबिवलीपर्यंत जातात आणि बसल्या जागेवरून परत मुंबईची वाट धरतात. याला ‘डाऊन करून येणं’ म्हणतात. डोंबिवलीकराला आपल्या स्टेशनातून सुटणारी गाडी भरलेलीच मिळते, त्यामुळे त्याच्या तोंडी हा शब्द बहुतेक वेळा भांडणातच येतो.