स्वयंऊर्जित प्रकाशसंवेदक

१. स्वयंऊर्जित प्रकाशसंवेदक : बाहेरून विद्युतदाब न देता, पडणाऱ्या उजेडातूनच विद्युतसंकेत निर्माण करणारा अर्धवाहक घटक. सिलिकॉनच्या ‘पी’ आणि ‘एन’ थरांच्या संधीपाशी मुळातच एक विद्युतक्षेत्र असते. सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टहून अधिक ऊर्जेचा प्रकाशकण तेथे शोषला गेला, की इलेक्ट्रॉन व पोकळी अशी जोडी सुटी होते. ते क्षेत्र दोघांना विरुद्ध दिशांना ओढते आणि मंडलात प्रवाह वाहतो. सौरघटाचे तत्त्वही हेच. मात्र सौरघटाकडून वीज हवी असते, संवेदकाकडून मोजमाप. दोन्ही टोके लघुमंडलित ठेवली, तर प्रवाह प्रकाशाच्या सम प्रमाणात राहतो. मुदखेड भागातील फुलशेतीत उन्हाळ्याच्या भर दुपारी उघड्यावर सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. निम्मा उजेड अडवणाऱ्या शेडनेटखाली संवेदकाचा प्रवाहही निम्म्यावर येतो. मोकळ्या टोकांमधला दाब मात्र जेमतेम १८ मिलिव्होल्टने उतरतो. म्हणून मोजणीसाठी प्रवाहच घेतात. बाह्य दाब नसल्याने अंधारप्रवाह नगण्य असतो व मंद उजेडही टिपता येतो. प्रतिसाद तेवढा काहीसा संथ. ‘एलडीआर’ याहून वेगळा : उजेडाने त्याचा केवळ रोध बदलतो, वीज बाहेरूनच द्यावी लागते. प्रकाशापासून थेट वीज निर्माण होते, हे बेकरेल यांना १८३९ मध्ये दिसले. अ‍ॅडम्स व डे यांनी १८७६ मध्ये ते सेलेनियम या घन पदार्थात दाखवले. १९३० च्या दशकातील छायाचित्रकारांच्या सेलेनियम प्रकाशमापकाचा काटा बॅटरीविना हलत असे. आजच्या लक्समीटरमधली बॅटरी वर्धकासाठी व आकडे दाखवण्यासाठी असते, संवेदकासाठी नव्हे.