दाराच्या पाठीवरचा ठिपका

पिट्युटरीच्या गाठीचं ऑपरेशन ठरलं की आधी डोळे तपासतात. गाठ मेंदूच्या तळाशी, मग डोळे कशाला? कारण या ग्रंथीच्या अगदी वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकत्र येतात आणि त्यातले नाकाकडचे तंतू बाजू बदलतात. गाठ खालून त्यांनाच दाबते. मग दोन्हीकडचं कडेचं दिसणं जातं, बहुतेकदा आधी वरच्या कोपऱ्यातलं. समोरचं नीट दिसत राहतं, त्यामुळे माणसाला पत्ताच नसतो.

१८८९च्या सुमारास कोपनहेगनच्या बिएरम यांनी दवाखान्याच्या दाराची मागची बाजू वापरली. तिच्यावरून पांढरा ठिपका सरकवायचा, दिसेनासा झाला की खूण करायची. झाला नजरेचा नकाशा! १९१४-१५मध्ये हार्वे कुशिंग आणि क्लिफर्ड वॉकर असेच नकाशे काढून गाठ कुठे दाबतेय ते ताडत होते. कोड न उघडता नुसत्या आउटपुटवरून बग शोधायचा, तसंच. सीटी स्कॅन यायला १९७१ उजाडायचं होतं.

ऑपरेशननंतर पुन्हा नकाशा काढायचा, आधीच्या शेजारी ठेवायचा. नाकावाटे ऑपरेशन करण्यात हातखंडा असलेल्या कुशिंगने १९२०च्या दशकाअखेरीस तो मार्ग जवळपास सोडला. कवटी उघडून केलं तर नजर जास्त सुधारते, हे त्यामागचं एक कारण होतं.