हाडाची छाया आणि हाडाचे बळ

मोरीत पाय घसरून म्हातारे माणूस पडते, खुब्याचे हाड मोडते आणि चालतेबोलते आयुष्य अंथरुणाला खिळते. हे हाड मोडण्यापूर्वीच त्याचे बळ जोखता येईल काय, या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे.

हाडाच्या बळाचा विचार जुनाच. १६३८ साली गॅलिलिओने दाखवून दिले की, प्राणी थोर झाला तर त्याचे हाड केवळ त्याच प्रमाणात वाढून भागत नाही. ते अधिकच जाड व्हावे लागते. पुढे १८६६ च्या सुमारास झुरिच येथे हेर्मान फोन मेयर या शरीररचनाशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाच्या छेदातील जाळीचा अभ्यास केला. कार्ल कुलमान या अभियंत्याला त्या जाळीत यारीतील ताण-दाबाच्या रेषाच ओळखू आल्या. हाडाचे बळ द्रव्याच्या राशीत आहे, तसेच मांडणीतही आहे, हे त्यावरून उमगले.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि जिवंत माणसाचे हाड डोळ्यांना दिसू लागले. परंतु दिसणे निराळे, मोजणे निराळे. छायाचित्रातील छटा किरणांच्या मात्रेवर आणि काच धुण्याच्या रीतीवरही अवलंबून असे. १९६३ मध्ये अमेरिकेत कॅमेरॉन आणि सोरेन्सन यांनी एकाच ऊर्जेच्या किरणांचा बारीक झोत हाडातून पाठवून, तो किती शोषला जातो यावरून खनिजांश मोजला. १९७१ मध्ये लंडनमध्ये हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. पाण्याला शून्य मानून त्या यंत्राने प्रत्येक छटेला अंक दिला.

तरीही अंक म्हणजे ताठरता नव्हे. त्यासाठी हाडाचे तुकडे प्रयोगशाळेत दाबून पाहावे लागले. १९७७ मध्ये कार्टर आणि हेज यांनी अशा प्रयोगांवरून नियम मांडला : हाडाचे बळ घनतेच्या वर्गाच्या, तर ताठरता घनतेच्या घनाच्या प्रमाणात असते. म्हणजे घनता निम्मी झाली की बळ चौथाईवर आणि ताठरता अष्टमांशावर येते. पुढे सीटीच्या अंकांवरून घनता, घनतेवरून कणाकणाची ताठरता काढून, संगणकात अख्ख्या हाडावर भार टाकून पाहण्याची रीत रुजली.

मात्र हा नियम सर्वत्र सारखा लागू पडत नाही. हाडाची जागा बदलली, भाराची दिशा बदलली, की आकडे बदलतात. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अस्थिविरळतेसाठी घनतेची सीमा ठरवली. तथापि त्या सीमेच्या अलीकडील, म्हणजे निर्धोक समजल्या गेलेल्या, कित्येकांची हाडे मोडतात. छाया द्रव्याची राशी सांगते; कुलमानने पाहिलेली मांडणी तीत पुरती उतरत नाही. तेवढे अंतर तोडण्यावरच त्या मोरीतल्या वृद्धाचे पुढचे पाऊल अवलंबून आहे.