मूल गेल्यावरची रजा : कायद्याला आईबापांचे दुःख कधी दिसले?

"बाळ तर गेले. मग आता बाळंतपणाची रजा रद्द होईल का हो, डॉक्टर?"

प्रसूती विभागात काम केलेल्या बहुतेक डॉक्टरांनी हा प्रश्न ऐकलेला असतो. विचारणारी सहसा ती बाई नसते. तिचा नवरा किंवा भाऊ बाहेर व्हरांड्यात आवाज खाली आणून विचारतो, कारण अशा वेळी रजेचे आणि पगाराचे बोलणे त्याला लाजिरवाणे वाटते. खरे तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. उत्तरही लगेच देतो : नाही, रद्द होत नाही. पण हे उत्तर असे का आहे आणि ते कुठे अपुरे पडते, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहावा लागेल. त्याची सुरुवात मुंबईच्या गिरण्यांत होते.

त्याआधी शरीराबद्दल दोन शब्द. बाळ जिवंत आहे की नाही, हे आईच्या शरीराला कळत नाही. वार बाहेर पडली की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने खाली येते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दुधाने भरून येते. बाळ नसले तरीही येते. रक्तस्राव काही आठवडे चालतो, गर्भाशय मूळ आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात. (दूध थांबवण्याची गोळी मिळते, पण रक्तदाब वाढलेल्या बाईला ती चालेलच असे नाही. दुकानातून परस्पर आणू नका.) म्हणजे पाळणा रिकामा असला तरी बाळंतपण पूर्ण असते.

कायद्याने पहिल्यांदा पाहिले ते हे शरीर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कापड गिरण्यांत हजारो बायका काम करत. अनेकजणी कळा सुरू होईपर्यंत कामावर असत आणि मजुरी बुडते म्हणून लवकर परतत. ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आणले, ते मंजूर झाले नाही. पुढे मुंबई प्रांताच्या विधिमंडळात तसे विधेयक आले. १९२८ साली त्यावरच्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, आणि तिच्या कामाचा फायदा घेणाऱ्या मालकाने त्या खर्चाचा वाटा उचलला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. भारतातला हा अशा प्रकारचा पहिला कायदा. रोज आठ आणे, तेही थोडेच आठवडे. आज ही रक्कम हास्यास्पद वाटेल, पण 'कामावर नसलेल्या बाईला पैसे' ही कल्पनाच तेव्हा मालकांच्या पचनी पडत नव्हती.

याच वाटेने देशभरासाठी १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आला. त्यात एक छोटीशी व्याख्या आहे, जी फार थोड्या लोकांना माहीत असते : 'मूल' या शब्दात मृतजात मूलही धरले आहे. म्हणजे पोटातच दगावलेल्या बाळाचा जन्म हीसुद्धा कायद्याने प्रसूतीच. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी ही पगारी रजा २६ आठवडे झाली. जन्मानंतर बाळ गेले तरी आईची रजा त्यामुळे कमी होत नाही. गर्भपात झाला तर सहा आठवडे, आणि त्यातून आजारपण उद्भवले तर आणखी एक महिन्यापर्यंत. अट अशी की प्रसूतीआधीच्या बारा महिन्यांत त्या नोकरीत किमान ८० दिवस काम झालेले असावे. (हा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेण्यात आला आहे, त्यामुळे कार्यालयात तेही नाव ऐकू येईल.)

आता एक बारकावा, ज्यावर बरेच काही अवलंबून असते. १९६१ च्या कायद्यात गर्भपाताची रेषा २६ व्या आठवड्यावर आहे : तो आठवडा संपेपर्यंत गर्भपात, त्यानंतर प्रसूती. म्हणजे एका बाजूला सहा आठवडे रजा, दुसऱ्या बाजूला सव्वीस. म्हणून डिस्चार्ज कार्डवर गर्भ किती आठवड्यांचा होता हे स्पष्ट लिहून घ्या. घाईत लिहिलेला एक शब्द चार-साडेचार महिन्यांच्या रजेचा फरक करू शकतो. हे तपासायचे काम त्या बाईवर टाकू नका, घरातल्या कुणीतरी करावे.

इथपर्यंत कायदा चांगला आहे, पण तो सगळा शरीराचा आहे. सहा वर्षांची मुलगी डेंग्यूने गेली, तर तिच्या आईसाठी त्यात काही नाही. वडिलांसाठी तर कुठल्याच टप्प्यावर नाही. गर्भाशय पूर्ववत होण्याचा काळ मोजता येतो, दुःखाचा येत नाही, हे एक कारण असावे. दुसरे, पूर्वी लहान मुले इतकी दगावत की समाजानेच त्या शोकाला आखूड करून टाकले होते. आपल्याकडे मोठ्या माणसाचे सुतक दहा दिवसांचे, पण दात येण्याआधी गेलेल्या बाळाचे बऱ्याच घरांत आंघोळीपुरते. 'दुसरे होईल' हे वाक्य तिथूनच आले असावे. चांगल्या मनाने बोललेले इतके निर्दय वाक्य मी दुसरे ऐकलेले नाही.

वैद्यकशास्त्रही फार पुढे नव्हते. १९४२ मध्ये बॉस्टनच्या एका नाइटक्लबला आग लागून ४९२ माणसे गेली. मानसोपचारतज्ज्ञ एरिक लिंडमन यांनी त्या आगीतून वाचलेल्यांचा आणि इतर शोकग्रस्तांचा अभ्यास करून १९४४ साली तीव्र शोकाची लक्षणे मांडली : घशात आवंढा, उसासे, शक्ती गेल्यासारखे वाटणे. मोलाचे काम होते ते. पण साधा शोक चार-सहा आठवड्यांत, आठ-दहा भेटींत मार्गी लावता येतो असे त्यांना वाटले होते. मूल गमावलेल्या कुठल्याही आईबापांना विचारा, ते काय म्हणतील. पुढे डेन्मार्कमध्ये राष्ट्रीय नोंदींच्या आधारे मोठे अभ्यास झाले. २००३ च्या अभ्यासात मूल गेलेल्या सुमारे २१ हजार आईवडिलांची इतरांशी तुलना केली होती. आयांमध्ये मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसले, वडिलांमध्येही सुरुवातीच्या काळात आत्महत्या-अपघातांसारख्या कारणांनी. २००५ च्या अभ्यासात मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल होण्याचा धोका वाढलेला आढळला, आईच्या बाबतीत पहिल्या वर्षात सर्वांत जास्त. थोडक्यात, हा काळ वैद्यकीयदृष्ट्याही धोक्याचा असतो, दोघांसाठी.

'दोघांसाठी' हे कायद्यात यायला बराच वेळ लागला. ब्रिटनमध्ये २०१० साली जॅक नावाचा २३ महिन्यांचा मुलगा घराच्या बागेतल्या तळ्यात बुडून गेला. त्याच्या वडिलांना नोकरीवरून तीन दिवस मिळाले, त्यातला एक अंत्यसंस्काराचा. तिथल्या कायद्यात तेव्हा फक्त 'वाजवी' बिनपगारी सुटी होती, आणि वाजवी म्हणजे किती हे मालकाच्या मनावर. जॅकची आई ल्यूसी हर्ड पुढची दहा वर्षे या एकाच मागणीमागे लागली. २०१८ मध्ये संसदेने कायदा केला, ६ एप्रिल २०२० पासून तो लागू झाला. लोक त्याला 'जॅकचा कायदा' म्हणतात.

१८ वर्षांखालील मूल गेले, किंवा २४ आठवड्यांनंतर मृतजात बाळ झाले, तर आई आणि वडील दोघांनाही दोन आठवडे रजा, नोकरीचा पहिलाच दिवस असला तरी. पगारासाठी मात्र २६ आठवड्यांची नोकरी हवी. मला यातली सर्वांत शहाणी वाटलेली गोष्ट म्हणजे ही रजा एक-एक आठवड्याच्या दोन तुकड्यांत, मृत्यूनंतर ५६ आठवड्यांपर्यंत केव्हाही घेता येते. छप्पन्नच का? वर्षाला बावन्न आठवडे, म्हणजे पहिले वर्षश्राद्ध त्यात बसते. सगळे पाहुणे निघून गेल्यावर, वर्षभराने तीच तारीख पुन्हा येते तेव्हा माणूस कोसळतो, हे लिहिणाऱ्यांना ठाऊक होते. दोन आठवडे पुरतात का? नाही. पण तीन दिवसांच्या मानाने आणि मालकाकडे हात पसरण्याच्या मानाने ते खूप आहे.

तिथेही रेषेचा प्रश्न राहिलाच. मृतजात ठरवण्याची मर्यादा ब्रिटनमध्ये १९९२ पर्यंत २८ आठवडे होती, मग २४ झाली. तेविसाव्या आठवड्यात बाळ गमावलेली बाई या रजेच्या बाहेर राहिली. न्यूझीलंडने २०२१ मध्ये गर्भपातासाठीही तीन दिवसांची पगारी शोकरजा दिली, जोडीदारालासुद्धा. २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारनेही २४ आठवड्यांआधीच्या गर्भपाताला शोकरजा लागू करण्याचे जाहीर केले.

आपल्याकडे २ सप्टेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी आदेश काढला : बाळ मृतजात असेल किंवा जन्मानंतर २८ दिवसांच्या आत गेले तर ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा. अटी आहेत : दोनपेक्षा कमी हयात अपत्ये आणि मान्यताप्राप्त रुग्णालयातली प्रसूती. मृतजात कोणाला म्हणायचे याची रेषा इथे २८ आठवड्यांची आहे. या आदेशात महत्त्वाचे हे की बाळाच्या मृत्यूने आईच्या मनावर होणारा आघात हे कारण त्यात स्पष्ट लिहिले आहे. वडील मात्र इथेही नाहीत.

मग वडिलांनी, किंवा मोठे मूल गमावलेल्या आईने काय करायचे? शिल्लक अर्जित रजा मागायची. ईएसआयचे सदस्य असाल तर आजारपणाचा लाभ पाहायचा. झोप नाही, अन्न जात नाही, कामावर मन लागत नाही, मरणाचे विचार येतात, असे असेल तर डॉक्टरांना तसेच सांगा. हा आजार आहे आणि त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र देता येते. अनेकजण 'ताप लिहा' असे सांगतात. तसे सांगू नका. खरे कारण कागदावर असले तर पुढे उपचार लांबले तरी रजा मागताना तोच कागद उपयोगी पडतो. आणि रजा घेताना सगळी पहिल्याच महिन्यात संपवू नका. चार दिवस त्या तारखेसाठी शिल्लक ठेवा.