अजिंठ्याचा वेष आणि थेरी आम्रपाली

कोल्हापूरच्या भानू अथैया (१९२९–२०२०) यांनी अजिंठ्याची भित्तिचित्रे अभ्यासून १९६६ च्या ‘आम्रपाली’ चित्रपटाची वेशभूषा रचली. पुढे १९८३ मध्ये ‘गांधी’साठी ऑस्कर मिळवून त्या पहिल्या भारतीय मानकरी ठरल्या. परंतु अजिंठ्याच्या १, १६ व १७ क्रमांकांच्या लेण्यांतील चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, तर वैशालीची आम्रपाली बुद्धकालीन; मध्ये सुमारे हजार वर्षे लोटली. बुद्धकाळातील चित्रेच उपलब्ध नसल्याने कलावंताने अजिंठ्याकडे वळणे स्वाभाविक होय. तथापि तो वेष वैशालीचा पुरावा नव्हे, हे आपण ध्यानी घ्यावे. संघाला आम्रवन देणारी आम्रपाली पुढे थेरी झाली. थेरीगाथेत ती जरेने पालटलेल्या स्वतःच्या देहातून अनित्यता सांगते. पडद्याने तिचे अलंकार घरोघरी पोहोचविले. तिच्या गाथा पोहोचविणे हे आपले काम आहे, असे आम्हांस वाटते.