यॅमल

यॅमल : संगणकीय माहिती माणसाला सरळ वाचता यावी आणि प्रोग्रामलाही उलगडता यावी, अशा रीतीने साध्या मजकुरात मांडण्याची लेखनपद्धती. क्लार्क एव्हन्स यांनी ती २००१ मध्ये सुचवली. इंगी डॉट नेट व ओरेन बेन-किकी हे तिचे सहकर्ते. नावाचा मूळ विस्तार ‘आणखी एक मार्कअप भाषा’ अशा अर्थाचा होता. पुढे तो ‘यॅमल ही मार्कअप भाषा नव्हे’ असा बदलण्यात आला. आवृत्त्या : १.० (२००४), १.१ (२००५), १.२ (२००९). अन्सिबल, कुबरनेटीस, डॉकर कंपोज या सॉफ्टवेअर साधनांच्या फाइली यॅमलमध्ये असतात.

व्याकरण : वरवरचे व्याकरण थोडक्यात समजते. की (मूल्याचे नाव) आणि मूल्य यांच्यामध्ये अपूर्णविराम व त्यापुढे मोकळी जागा. यादीतील प्रत्येक घटकाआधी आडवी रेघ. # नंतर टिप्पणी. कोण कोणाच्या पोटात, हे ओळीच्या डावीकडच्या समासावरून ठरते. हा समास स्पेसनेच सोडायचा, टॅब चालत नाही. | चिन्हानंतरचा मजकूर ओळीनुसार जसाच्या तसा राहतो, > चिन्हानंतरच्या ओळी एकमेकींना जोडल्या जातात. शिकवताना बहुधा समासावरच भर असतो आणि तो भर चुकीच्या जागी आहे. समासात टॅब पडला की पार्सर (फाइल उलगडणारा प्रोग्राम) तिथेच अडतो. समास सरकूनही फाइल वैध राहते व अर्थ बदलतो, हा आक्षेप खरा. पण सरकलेला समास निदान पानावर दिसतो. अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेल्या मूल्याचा प्रकार मात्र पानावर कुठेच दिसत नाही, आणि यॅमल शिकण्याचा अवघड भाग तोच आहे.

मूल्याचा प्रकार : अवतरणे नसली की मूल्य मजकूर आहे की आणखी काही, हे पार्सर त्याच्या रूपावरून ठरवतो. १.१ मध्ये ‘यस’, ‘नो’, ‘ऑन’, ‘ऑफ’ हे इंग्रजी शब्द सत्य-असत्य ठरत. त्यामुळे देशांच्या यादीत नॉर्वेचा एन-ओ हा संकेत ‘असत्य’ होई. हा दोष ‘नॉर्वेची अडचण’ म्हणूनच प्रसिद्ध आहे. इंग्रजी अंकांत लिहिलेले २२:२२ षष्टिमान धरून १३४२ होई, ०१२ अष्टमान धरून १०. देवनागरी अंकांना ही बाधा नाही; संख्येच्या नमुन्यात ते बसत नसल्याने मजकूरच राहतात. १.२ ने यांतील बरीच अनुमाने काढून टाकली, तेव्हा प्रश्न मिटला, असे म्हटले जाते. ते पटण्याजोगे नाही. पायथनमधील बहुप्रचलित पाययॅमल ही लायब्ररी १.१ च्याच नियमांवर बेतलेली आहे, शिवाय १.२ च्या नेहमीच्या नियमांनीही आवृत्तीक्रमांक १.१० हा १.१ होतो आणि ०१२ चे शून्य गळते. सगळेच अवतरणांत टाकायचे तर मजकूर नेहमी अवतरणांतच ठेवणारी जेसन ही लेखनपद्धती काय वाईट, असाही प्रश्न येतो. जेसनमध्ये टिप्पणी लिहिता येत नाही, आणि सेटिंगमधला एखादा आकडा तोच का ठेवला हे सांगणारी ओळ त्या आकड्याइतकीच मोलाची असते. सगळे अवतरणांत टाकण्याची गरजही नाही : ज्या आकड्यांची बेरीज कधी करायची नसते, म्हणजे आवृत्त्या, संकेत, फोन क्रमांक, त्यांना अवतरणे लावावीत. एकेरी अवतरणांत उलटी तिरकी रेघ जशीच्या तशी राहते, दुहेरीत तिला विशेष अर्थ येतो.

अँकर : & ने नाव दिलेला भाग * ने पुन्हा वापरता येतो.

सुरक्षितता : परकी फाइल पाययॅमलच्या सुरक्षित लोडरनेच वाचावी.